झोपेचा रकाना

कॅन्सर वॉर्डातला सकाळचा राउंड. डॉक्टर फाईल उघडून उभे, त्यांच्यामागे तीन-चार शिकाऊ डॉक्टर आणि खाटेवर माझा पंधरा वर्षांचा भाचा. रक्तपेशींचे काऊंट किती आले, ताप होता का, तोंड आलंय का, संडासला झाली का, सगळं विचारून झालं. जाता जाता शेवटचा प्रश्न, "झोप बरी झाली ना?" उत्तर माझ्या बहिणीनं दिलं. "हो, शांत झोपला होता." पेन चाललं आणि राउंड पुढच्या खाटेकडे सरकला. भाचा छताकडे बघत होता.

त्या रात्री तो झोपलाच नव्हता, हे त्यानं मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. त्याची आई खाटेशेजारी खाली चटईवर पडायची. दिवसभर रक्तपेढी, औषधाचं दुकान, कागदपत्रांची रांग, असं करून तिचे पाय सुजलेले असायचे. हा कुशीवर वळला तरी लोखंडी खाट करकरायची आणि ती धडपडून उठायची, "काय होतंय रे?" म्हणून. मग यानं हलणंच सोडलं. पाठीवर पडून, डोळे मिटून, पहाटेपर्यंत निश्चल. "तिला वाटायचं मी झोपलोय. म्हटलं, तेवढी तरी झोपू दे तिला."

कॅन्सर झालेल्या किशोरवयीन मुलांची झोप मोजावी की नाही, मोजायची तर कशी, हा प्रश्न ऐकायला प्रयोगशाळेतला वाटतो. मला तो त्या करकरणाऱ्या खाटेपासून सुटा करता येत नाही. कारण या एका पोरानं झोप मोजायच्या दोन रूढ पद्धतींना एकाच रात्रीत चकवलं असतं.

पहिली पद्धत म्हणजे आईबापांना विचारणं. लहान मुलांसाठी जगभर वापरली जाणारी झोपेच्या सवयींची एक प्रश्नावली चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि ती भरतात पालकच. चार वर्षांच्या पोराचं ठीक आहे. पंधराव्या वर्षी मूल आईला काय कळू द्यायचं आणि काय नाही, हे ठरवू लागलेलं असतं. आजारात तर जास्तच. दुसरी पद्धत मनगटावर घड्याळासारखं यंत्र बांधायची. ॲक्टिग्राफ म्हणतात त्याला. हाताची हालचाल झाली की माणूस जागा, हालचाल थांबली की झोपलेला, असा त्याचा ढोबळ हिशेब. घरच्या घरी अनेक रात्रींची नोंद घेता येते म्हणून संशोधकांना ते सोयीचं पडतं. पण स्वस्थ पडून जागणाऱ्याला ते झोपलेला समजतं. ही उणीव जाणकारांना ठाऊक आहे, लपवलेली नाही. माझ्या भाच्याच्या मनगटावर ते असतं, तर आईच्या उत्तराला यंत्राचाही दुजोरा मिळाला असता. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपणारी रात्रभराची तपासणी मात्र फसली नसती. पण ती खर्चिक, तिला वेगळी खोली लागते, आणि एका रात्रीपुरती होते.

म्हणून माझं म्हणणं असं की, मोजायला हवंच. पण सुरुवात मुलाच्या तोंडच्या उत्तरापासून व्हावी, ते त्याच्या भाषेत आणि आईबाप समोर नसताना विचारलं जावं. आणि मुलाची झोप मोजताना वॉर्डाची रात्रही मोजली जावी. नाहीतर प्रश्नावली भरून निष्कर्ष निघेल की या मुलाला 'झोपेची समस्या' आहे, आणि समस्या मुलाच्या खात्यावर चढेल.

वॉर्डात मोजत नाहीत असं काय असतं? दर चार तासांनी ताप, नाडी, रक्तदाब. वजन, कारण किमोचा डोस अंगाच्या मापावर ठरतो. मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाचा मोठा डोस चालू असला की धो-धो सलाईन देतात आणि लघवी मिलीलिटरमध्ये मोजून लिहितात, प्रत्येक वेळी तिचा पीएच, म्हणजे आम्लता, तपासतात. त्या दिवसांत माझी बहीण मोजपात्र हातात घेऊन रात्री चार-चार वेळा नळाखाली ते विसळायची. आत गेलेलं पाणी किती, बाहेर आलेलं किती, याचा चोख हिशेब. आणि त्यासाठी पोराला किती वेळा उठवलं, याचा नाही. झोप या चार्टावर येतच नाही. ती सकाळच्या राउंडला जाता जाता विचारायची गोष्ट, 'काय, बरं आहे ना?' याच्या पंक्तीतली.

वय विसरून हा विषय कळणार नाही. किशोरवयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, रात्री अकरा-बारापर्यंत डोळे जड होत नाहीत आणि सकाळी उठवत नाही. याला आपण घरात 'मोबाईलचं वेड' म्हणतो. मोबाईल आगीत तेल ओततोच, पण आग मुळात त्यानं लावलेली नाही. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली १३ ते १८ वयासाठी रोज ८ ते १० तासांची झोप सांगितली. आता हे घड्याळ घेऊन पोरगं वॉर्डात येतं, जिथं पहाटे पाचला रक्त काढायला माणूस येतो, सहाला फरशी पुसायची बादली खडखडते, आणि दुपारी दोन ते चार भेटीची वेळ म्हणून गलका. बाराला झोप लागणाऱ्याला पाचला उठवलं तर किती तास झाले, हे सांगायला यंत्र लागत नाही.

त्यात औषध. ल्युकेमियाच्या, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचाराला दोन ते तीन वर्षं लागतात. त्यात डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड येतं, काही उपचारपद्धतींत पुढे मेंटेनन्समध्ये, म्हणजे शेवटच्या लांबलचक टप्प्यातही, दर महिन्याला पाच दिवस. ज्या घरात हे झालंय त्यांना 'स्टिरॉइडचे दिवस' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मूल चिडतं, रडतं, सुजतं, आणि रात्री दोनला उठून खायला मागतं. साधं नाही, वरणभात, वर तूप, आत्ताच्या आत्ता. माझ्या बहिणीनं धर्मशाळेच्या सामायिक गॅसवर मध्यरात्री कुकर लावलाय आणि शिट्टीनं शेजारची खोली उठू नये म्हणून शिट्टी काढून ठेवून, झाकण ठेवून भात शिजवलाय. अमेरिकेत मेम्फिस इथल्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या पामेला हाइंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तीच मुलं, काही दिवस गोळ्यांशिवाय आणि काही दिवस गोळ्यांवर, मनगटावर तेच यंत्र. गोळ्यांच्या दिवसांत झोप बदलते आणि थकवा वाढतो, हे त्यात आकड्यांनी दिसलं. आयांना ते आधीच माहीत होतं. पण आयांचं माहीत असणं फाईलमध्ये चढत नाही, आकडा चढतो. मोजणीच्या बाजूनं मला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच.

मात्र याच उदाहरणात मोजणीतली एक मोठी चूकही दडलेली आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली १९८९ पासून जगभर चालते. ती गेल्या महिन्याभराच्या झोपेबद्दल विचारते. आता या मुलाचा महिना कसा असतो? पाच दिवस स्टिरॉइडचे, मधे पाठीतलं इंजेक्शन, एक आठवडा काऊंट खाली, मग चार बरे दिवस, त्यात क्रिकेट बघून झालेलं जागरण. या सगळ्याची सरासरी काढून हाती येतो तो आकडा कुठल्याच रात्रीचा नसतो. अमेरिकेतच पुढे तयार झालेल्या प्रॉमिस नावाच्या संचात मुलांसाठी झोपेच्या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एक रात्रीच्या झोपेची, दुसरी त्यामुळे दिवसा काय बिघडतं याची. त्या मुलांनी स्वतः भरायच्या, आणि विचारतात गेल्या सात दिवसांबद्दल. हे पुष्कळ बरं. तरीही ते सात दिवस उपचाराच्या कुठल्या टप्प्यातले हे सोबत लिहिलं नाही, तर एकाच मुलाचे दोन आकडे दोन वेगळ्या मुलांचे वाटतील आणि कुणीतरी त्यातून 'सुधारणा' शोधून काढेल.

आणि मग भाषा. दिवसा येणारी झोप मोजायला एपवर्थची मोजपट्टी वापरतात, ऑस्ट्रेलियात १९९१ साली झालेली. आठ प्रसंग दिलेत, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती, हे सांगायचं. त्यात एक प्रसंग दुपारी मद्य न घेता जेवण झाल्यावर शांत बसलेले असतानाचा, आणि दुसरा रहदारीत मोटार काही मिनिटं थांबलेली असतानाचा. मुलांसाठी नंतर वेगळी आवृत्ती निघाली, त्यात वर्ग आला, बस आली. पण बीडहून किंवा गडचिरोलीहून आलेला, आठ महिने शाळेचं तोंड न पाहिलेला मुलगा 'सकाळी वर्गात बसल्यावर' या प्रसंगाला काय उत्तर देणार?

एकदा अशाच एका झोपेच्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर माझ्या हाती आलं होतं. त्यात विचारलं होतं, 'मागील महिन्यात आपण आपल्या झोपेच्या एकूण गुणवत्तेचे मूल्यांकन कसे कराल?' भाच्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "हा पेपर कितवीचा आहे?" झोपेची गुणवत्ता असं मराठीत कुणी कधी म्हणालंय का? आपली झोप लागते, मोडते, उडते, चाळवते, पुरते, होत नाही. डोळ्याला डोळा लागत नाही. आणि जी झोप नाही तिलाही आपल्याकडे नावं आहेत, ती या विषयात सोन्यासारखी आहेत. तापात येते ती ग्लानी. औषधानं येते ती गुंगी. जेवल्यावर पेंग येते, जागरणानं डोळ्यांवर झापड येते. झोप झाली तरी अंगात उरतो तो शीण. काहीच करावंसं वाटत नाही ती मरगळ, आणि तिच्यात मनाचाही भाग असतो. डॉक्टरांना ज्या गोष्टी वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून परदेशात वेगवेगळ्या मोजपट्ट्या कराव्या लागल्या, त्यातल्या निम्म्या आपली म्हातारी माणसं एका शब्दात वेगळ्या करतात. कॅन्सरच्या मुलांत थकवा आणि झोप यांची गल्लत ही तर नेहमीची तक्रार. आपण मात्र 'गुणवत्ता' आणि 'मूल्यांकन' लिहून बसतो आणि मग मुलं अर्धा कागद कोरा ठेवतात.

माझ्या मते प्रश्न असे हवेत: रात्री पडल्यावर झोप लागायला फार वेळ गेला का? मधे किती वेळा जाग आली? कशानं? सगळं वजन त्या 'कशानं' वर आहे. दुखत होतं म्हणून, लघवीला, भुकेनं, सलाईनच्या पंपाच्या टीं-टींनं, ट्यूबलाईट लागली म्हणून, की भीतीनं. भाच्याच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा एका संध्याकाळी आयसीयूत गेला. सकाळी त्या खाटेवर नवी चादर होती. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, मुलांनीही विचारलं नाही. त्या आठवड्यात भाच्याची झोप गेली तिचं कारण आईसमोर तो कसं सांगणार होता? तिला तेच कारण जागं ठेवत होतं.

दुखण्यावर औषध आहे, भीतीशी बोलायला माणूस लागतो, आणि ट्यूबलाईटला फक्त बटण. तिन्हींना 'निद्रानाश' म्हणून एका आकड्यात कोंबलं की तिन्हींवर एकच गोळी येते.

भाच्यानं एक गंमत केली होती. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं रेघा मारल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आपण मतं मोजतो तशा. रात्री दहा ते पाच वॉर्डाचा मोठा दिवा किती वेळा लागला, याची ती मोजणी. एका रात्रीच्या पुढे सतरा रेघा आहेत. हाइंड्स यांच्याच गटाचा त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास होता. दवाखान्यात भरती असलेल्या मुलांच्या खोलीत रात्री माणसं किती वेळा आत-बाहेर करतात हेही त्यांनी मोजलं होतं, आणि जास्त वेळा जाग येणारी मुलं जास्त थकलेली आढळली होती. माझ्या भाच्याला मेम्फिस माहीत नव्हतं. पण मोजायचं काय हे त्याला बरोबर कळलं होतं: स्वतःला नव्हे, दिव्याला.

आता समोरच्यांचं म्हणणं. ते हलकं नाही. पहिलं, 'आधी जीव वाचू दे.' परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. त्याच्या आसपासच्या फुटपाथवर आजही बाहेरगावची माणसं पथारी टाकून दिवस काढतात. ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही त्याच्या झोपेची मोजपट्टी कसली काढता, हा सवाल रास्तच. पण उत्तर त्याच सवालात आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं, किंवा २००६ पासून मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर केंद्रांनी (मेम्फिसच्या रुग्णालयाशी नामसाधर्म्य आहे म्हणून गोंधळू नये) कुटुंबांना छप्पर दिलं, ते उपचारापेक्षा वेगळी चैन म्हणून नव्हे. राहायला जागा नसली की माणसं उपचार अर्धवट टाकून गावी जातात, म्हणून. डोक्यावर छप्पर हा उपचाराचाच भाग, हे आपण मान्य केलं. मग त्या छपराखाली डोळा लागतो का, हे विचारणं चैनीचं कसं ठरतं? शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली ठरवलंय की २०३० पर्यंत जगातली कॅन्सर झालेली किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत. वाचलेली मुलं दहावीला बसतील. त्यांच्या वर्गातल्या पेंगेचं काय करायचं हे तेव्हा शोधत बसायचं का?

दुसरं म्हणणं जास्त बोचरं आहे: मोजाल तर गोळ्या वाढतील. याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकात वेदनेला ताप, नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीनं पाचवं मूलभूत लक्षण म्हणायला सुरुवात झाली. प्रत्येक रोग्याला शून्य ते दहा विचारायचं. हेतू चांगला. पण आकडा खाली आणायचा सोपा रस्ता अफूजन्य गोळ्यांचा होता आणि त्या देशात त्यातून व्यसनाची केवढी साथ पसरली हे सर्वांना माहीत आहे. २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं ते 'पाचवं लक्षण' मागे घ्यावं असा ठराव केला. म्हणून माझा आग्रह नुसत्या आकड्याला नाही, 'कशानं' ला आहे. आकडा विचारला की गोळी येते, कारण विचारलं की निदान सतरा रेघांवर नजर जाते.

गोळीशिवाय निद्रानाशावर जो वर्तनोपचार आहे तो मोठ्यांमध्ये चांगला ठरलाय, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या तरुणांसाठीही तो वापरून पाहिला गेलाय. त्यातला एक नियम मात्र वॉर्डात हसू आणतो: खाट फक्त झोपण्यासाठी वापरा, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसा. दुसरीकडे कुठे? पोरगं त्याच खाटेवर जेवतं, त्याच खाटेवर अभ्यास, मोबाईल, सलाईन, उलटी. उठून बसायची एकच जागा, ती म्हणजे आईची चटई.

एका बाबतीत माझ्याच म्हणण्याला मुरड घालावी लागते. मुलाचं उत्तर प्रमाण मानावं म्हणतो, पण मेंदूच्या काही गाठींत ते पुरत नाही. क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला खेटून वाढते, आणि झोप-जागेचं नियंत्रण तिथंच आहे. अशी मुलं दिवसा आवरता न येणाऱ्या झोपेनं हैराण होतात. ती झोप इतकी अंगवळणी पडते की विचारलं तर 'मी ठीक आहे' म्हणतात, कारण टक्क जागं असणं कसं असतं याची आठवणच पुसट झालेली असते. घरचे म्हणतात आळशी झालाय, आजारात लाडावलाय. डोक्याला रेडिएशन दिलेल्या मुलांत काही आठवड्यांनी सुस्तीची एक लाट येते, तिचीही गत तीच. इथं दिवसा ठरावीक अंतरानं अंधाऱ्या खोलीत पडायला सांगून किती मिनिटांत झोप लागते ते पाहणारी यंत्राची तपासणीच हवी. 'आळशी' हा शब्द खोडून काढायला तेवढा पुरावा लागतो. पण अशी मुलं थोडी. त्यांच्यासाठी यंत्र राखून ठेवावं आणि बाकीच्यांना आधी विचारावं.

विचारणार कोण, हा खरा पेच. डॉक्टरांना वेळ नाही, समाजसेविका टेबलाशी पन्नास कागदांखाली. मला वाटतं ते काम रात्रपाळीच्या सिस्टरचं आहे, आणि ते तिच्यावर नवं ओझं म्हणून टाकायचं नाही, तर ती जे आधीच करते ते लिहायला जागा द्यायची. एका रात्री तीनच्या सुमारास त्या वॉर्डातली सिस्टर ताप बघायला आली. मोठा दिवा न लावता, मोबाईलच्या उजेडात. थर्मामीटर लावताना खाली झोपलेल्या बाईकडे एकदा बघून ती हळूच म्हणाली, "झोप येत नाही ना?" भाचा म्हणाला, "नाही. पाय ठणकतायत." इतक्या आठवड्यांत हा प्रश्न त्याला एकट्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

त्या वेळेसमोर चार्टवर ताप ९८.४, नाडी ९२ अशी नोंद आहे. पुढचा रकाना लघवीचा. झोपेचा रकाना छापलेलाच नाही.